शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी पातेल्यातील प्रत्येक शीत काढून दाबीत बसत नाही. एक शीत काढते, बोटांनी चिरडते आणि निर्णय देते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या साध्या व्यवहाराला स्थालीपुलाकन्याय असे भारदस्त नाव देऊन तर्कात बसविले आणि मराठी माणसाने त्याची म्हण केली. या न्यायाला बळ कशाने येते याचा मात्र फारसा विचार होत नाही. एका शितावरून साऱ्या भाताविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, तो सर्व शिते एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर असतात म्हणून. वाटीत वेगळे काढून ठेवलेले दाणे कितीही दाबले तरी चुलीवरच्या भाताविषयी ते काही सांगू शकत नाहीत. आणि आंबेमोहोराचे शीत दाबून शेजारच्या चुलीवरील जाड्या तांदळाचे काय झाले हेही कळत नाही.

वैद्यकसंशोधनात गेल्या काही वर्षांत जे एक नवे साधन आले आहे, त्याचा विचार करताना आम्हांस ही म्हण पुन्हा पुन्हा आठवते. या साधनाला शास्त्रज्ञ ‘ऑर्गन-ऑन-अ-चिप’ म्हणतात. आपण त्याला चिपवरील अवयव म्हणू. ते तंत्रज्ञांचे साधन आहे हे खरे. परंतु त्याने उभे केलेले प्रश्न तंत्रज्ञांपुरते राहत नाहीत. माणसाच्या अंशावरून माणूस कितपत कळतो, आणि त्या अंशाविषयी आपले काही कर्तव्य उरते काय, हे ते प्रश्न होत.

नवे औषध माणसाच्या शरीरात काय करील, हे ते माणसाला देण्यापूर्वीच कळावे कसे? आजवर त्यासाठी मुख्यतः दोन वाटा होत्या. पहिली प्राण्यांची. उंदीर, ससा, कुत्रा, माकड यांना औषध द्यावे आणि त्यांच्या देहाने दिलेले उत्तर माणसाचे समजावे. दुसरी काचेच्या तबकडीची. माणसाच्याच पेशी शरीराबाहेर पोषक द्रवात वाढवाव्या आणि त्यांवर औषध घालून पाहावे. पहिल्या वाटेत पातेले पूर्ण असते, पण तांदूळ दुसरा असतो. दुसऱ्या वाटेत तांदूळ आपला असतो, पण पातेले, पाणी आणि आच यांचा पत्ता नसतो.

या दोन्ही वाटा एकाच वेळी कशा फसू शकतात, याचे दारुण उदाहरण १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात घडले. प्रतिकारसंस्थेतील टी-पेशींना चेतविणारे ‘टीजीएन १४१२’ नावाचे एक नवे औषध त्या दिवशी सहा निरोगी तरुणांना टोचण्यात आले. माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेचा तो अवघा पाचशेवा हिस्सा होता. तरीही काही तासांत सहाही जणांच्या शरीरात असा वणवा पेटला की एकेक अवयव निकामी होऊ लागला. सहाही जण वाचले. परंतु त्यांतील एकाला पायांची बोटे आणि हाताच्या बोटांचे काही भाग गमवावे लागले. पुढील तपासात असे दिसून आले की, ज्या विशिष्ट टी-पेशींनी माणसांत हा उत्पात घडविला, त्या जातीच्या पेशींवर त्या माकडांत औषधाला पकडणारी खूणच नव्हती. माकड खोटे बोलले नव्हते; त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या भाषेत नव्हता, इतकेच. आणि माणसाच्या पेशींचे काय? औषध नुसते द्रवात मिसळून दिले असता त्याही गप्प राहत. तेच औषध एखाद्या पृष्ठभागाला चिकटवून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा मात्र त्या खवळून उठत. म्हणजे प्रतिकारपेशी कोणाची आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोठे आहे हेही महत्त्वाचे.

नव्या साधनाचे मर्म या ‘कोठे’मध्येच आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या डोनाल्ड इंगबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात चिपवरील फुप्फुसाचे वर्णन प्रसिद्ध केले. पेन्सिलीचे लिखाण खोडण्याच्या रबराएवढा, पारदर्शक सिलिकोन-रबराचा एक तुकडा. त्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असे दोन बोगदे, एकावर एक. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र, लवचिक पडदा. त्याची जाडी एका सेंटिमीटरचा हजारावा भाग. पडद्याच्या वरच्या अंगाला माणसाच्या वायुकोशातील पेशींचा थर व त्यावर हवा. खालच्या अंगाला केशवाहिनीच्या अस्तरातील पेशी व त्यांना घासून वाहणारा, रक्ताच्या जागी असलेला द्रव. दोहों बाजूंच्या पोकळ्यांतील हवा ठरावीक तालाने शोषून घेतली आणि सोडली की पडदा ताणला जातो व आखडतो. तो तुकडा जणू श्वास घेऊ लागतो.

संशोधकांनी मग हवेच्या बाजूला जिवाणू सोडले आणि द्रवाच्या प्रवाहात न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी सोडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली जे घडले ते असे: वाहत जाणाऱ्या श्वेतपेशी जिवाणू होते त्या ठिकाणी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटल्या, पेशींच्या फटींतून आणि पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे शिरल्या आणि त्यांनी जिवाणू गिळून टाकले. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ याने सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटे टोचले आणि भटक्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. प्रतिकारपेशींच्या विद्येचा एक मोठा उगम तेथे आहे. त्याला पारदर्शक जीव शोधावा लागला. सव्वाशे वर्षांनंतर माणसाने आपल्याच देहाचा एक कोपरा पारदर्शक करून घेतला.

या साधनाचे आणखी एक सामर्थ्य ध्यानात घेण्याजोगे आहे. इंटरल्यूकिन-२ हे कर्करोगावरील औषध काही रुग्णांच्या फुप्फुसांत पाणी भरविते. २०१२ साली याच मंडळींनी ते औषध चिपच्या रक्तबाजूने सोडले, तेव्हा हवेच्या पोकळीत द्रव झिरपू लागला. श्वासाची हालचाल चालू ठेवली असता झिरपणे पुष्कळच वाढले. आणि या प्रयोगात श्वेतपेशी नव्हत्याच! प्रतिकारपेशी हजर नसतानाही फुप्फुस झिरपते, ही गोष्ट सिद्ध झाली. जिवंत प्राण्याचे सारे रक्त श्वेतपेशींविना आणि त्याचा श्वास हालचालीविना ठेवून कोणी पाहू शकत नाही. चिपवर एकेक घटक काढता येतो आणि एकेक घालता येतो. कार्यकारणाचा धागा त्यामुळे हाती लागतो.

येथे एका जुन्या संवादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला त्याच्या रथाविषयी विचारतो: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर मान्य करतो की अवयवांच्या विशिष्ट संयोगाला मिळालेले नाव म्हणजे रथ. चिपकर्ता संशोधक हा नागसेनाचा अनुयायी आहे. तो एकेक अवयव वेगळा करतो. परंतु नुसता वेगळा करून थांबत नाही, थोडेसे अवयव पुन्हा विशिष्ट संयोगात बसवितो आणि विचारतो: एवढ्याने रथाची काही गती दिसू लागली काय? ती दिसते, हे या साधनाचे यश आहे. पण दिसते ती काही गती, रथ नव्हे. चिपवरील फुप्फुसाला यकृत नाही, झोप नाही, म्हातारपण नाही, भय नाही. काही आठवड्यांपलीकडचे आयुष्यही त्याला सहसा लाभत नाही. शितासाठी लहानसे पातेले घडविण्यात माणूस यशस्वी झाला. ते पातेले म्हणजे स्वयंपाकघर नव्हे, एवढे विसरता कामा नये.

ज्ञानाची बाजू अशी आहे. आता नीतीकडे वळू.

या साधनाचे पहिले नैतिक श्रेय निर्विवाद आहे. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांविषयी त्रिसूत्री मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि प्रयोगातील यातना सौम्य कराव्या. आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहाची परिणती १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यात झाली. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने कायदा बदलून, नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणी झालीच पाहिजे ही १९३८ पासूनची अट काढून टाकली. २०२३ साली भारत सरकारनेही आपल्या नियमांत दुरुस्ती करून चिपवरील अवयवांसारख्या साधनांना मान्यता दिली. प्राण्यांवरील प्रयोग यामुळे बंद झाले असे नाही. परंतु ‘दुसरा उपाय नाही’ हे उत्तर आता पूर्वीइतक्या सहज देता येणार नाही. ज्या मुक्या जिवाने आपल्या औषधांची किंमत न विचारता भरली, त्याच्या माथ्यावरील भार थोडा तरी हलका झाला, याचा आनंद ज्याला होणार नाही त्याच्या करुणेविषयी शंका घ्यावी लागेल.

परंतु याच आनंदातून एक सोयीस्कर अनुमान निघते. यातना संपल्या म्हणजे नीतीचा प्रश्न संपला, रबराच्या तुकड्यातील पेशींना दुखत नाही, तेव्हा त्यांच्याविषयी विचार करण्याचे कारण काय, असे ते अनुमान आहे. आमच्या मते ही या विषयातील सर्वांत मोठी दिशाभूल आहे. आजवर वेदना ही नीतीच्या दारावरची पहारेकरीण होती. प्राणी किंचाळला की प्रयोग करणाऱ्याचा हात क्षणभर थबके, निष्ठुराचाही थबके. चिप किंचाळत नाही. दारावरची पहारेकरीण गेली याचा अर्थ घरात जपण्याजोगे काही उरले नाही असा होत नाही. आता जागे राहण्याचे काम घरधन्याला स्वतः करावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

जपण्याजोगे काय आहे? चिपवरील पेशी कोणाच्या तरी आहेत, हे आहे. २०१० च्या त्या फुप्फुसातील वायुकोशाच्या पेशी एका अनामिक कर्करोगी रुग्णापासून चालत आलेल्या वंशातील होत्या. त्याहून प्रसिद्ध कथा हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी अमेरिकन स्त्रीची. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या अर्बुदातील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. तिच्या कुटुंबाला हे कळण्यास वीसेक वर्षे लागली, आणि त्या पेशींवर नफा मिळविणाऱ्या एका कंपनीशी वारसांची तडजोड होण्यास २०२३ साल उजाडले. पेशी घेताना तिला अधिक दुखले असेल असे नाही. यातनेच्या मापाने मोजले तर हा अन्याय जवळजवळ शून्य भरतो. तरीही तो अन्याय आहे असे आपले मन सांगते. मग यातनेचे माप अपुरे आहे हे उघड झाले.

यावर कोणी म्हणेल: न्हाव्याच्या दुकानात आपण केस टाकून येतो, नखे कापून फेकतो, त्यांचा हिशेब कोण मागतो? रक्ताचा थेंब तरी त्याहून वेगळा कसा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रतिकारपेशींच्या स्वभावातच आहे. शरीराचा आप-परभाव सांभाळणे हे या पेशींचे काम. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिकारविद्येची मांडणीच ‘स्व’ आणि ‘स्वेतर’ या शब्दांत केली. १९६० साली पीटर मेडावार यांच्यासह त्यांना जे नोबेल पारितोषिक मिळाले, ते शरीर परक्याला आपले म्हणून कसे स्वीकारू शकते याच्या संशोधनासाठी. आता चिपवरची अडचण पाहा. फुप्फुसाच्या पेशी एका माणसाच्या, वाहिनीच्या दुसऱ्याच्या आणि टी-पेशी तिसऱ्याच्या अशा एकत्र ठेवल्या, तर या टी-पेशी शेजाऱ्यांना परके ओळखून त्यांच्यावर चालून जाऊ शकतात आणि प्रयोगाचा निष्कर्षच गढूळ होतो. म्हणून शक्य तेथे साऱ्या पेशी एकाच दात्याच्या असाव्यात अशी खटपट करावी लागते. संशोधकाच्या वहीत त्या पेशी क्रमांकाने नोंदलेल्या असतील. पेशीला क्रमांक मान्य नाही. आपण कोणाच्या, हे ती देहाबाहेर, रबराच्या बोगद्यातही विसरत नाही. जी गोष्ट पेशी विसरत नाही, ती विसरण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला?

शिवाय प्रतिकारपेशींत माणसाचे चरित्र साठलेले असते. लहानपणी आलेला गोवर, टोचलेल्या लसी, भोगलेले ताप यांची स्मृती तेथे असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दात्यांच्या रक्तातील बी- आणि टी-पेशी चिपवर ठेवल्या असता त्यांनी लसिकाग्रंथीत असतात तसे पुंजके आपोआप रचले, आणि इन्फ्लुएंझाची लस दिल्यावर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण केली. म्हणजे एखाद्याच्या देहाचा अंश त्याच्या अनुपस्थितीत काही नवे शिकला. केस आणि नखे काही शिकत नाहीत. त्यातच न्यूट्रोफिल तर फार अल्पायुषी. शरीराबाहेर ते फार काळ तग धरीत नाहीत. लॅक्सबाईंच्या पेशींप्रमाणे एकदा घेऊन कायमचे वाढवीत बसण्याची येथे सोय नाही. प्रत्येक नव्या प्रयोगासाठी कोणा जिवंत माणसाला पुन्हा बाही वर करावी लागते. ऋण एकदाचे फिटले असे म्हणण्याची सवलत निसर्गानेच ठेवलेली नाही.

या ऋणाची फेड पैशानेच व्हावी असे आम्ही म्हणत नाही. रक्तदान ही विक्री झाली तर त्यातील दान हरपेल. परंतु दात्याला सांगावे, समजेल अशा भाषेत सांगावे. रुग्णसेवेसाठी घेतलेल्या रक्तातून ‘उरलेले’ म्हणून जे प्रयोगशाळेत जाते त्याचाही वेगळा उल्लेख करावा. नको म्हणण्याची वाट मोकळी ठेवावी. आणि ज्यांच्या पेशींवर औषध पारखले, त्यांच्या समाजाला ते औषध परवडावे याची चिंता वाहावी. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याने भात कोणाच्या पानात पडणार आहे हेही पाहावे. उलट, ज्यांच्या पेशी चिपवर कधी चढल्याच नाहीत अशा लोकांना तेच औषध डोळे मिटून देणे म्हणजे आंबेमोहोरावरून जाड्या तांदळाविषयी निर्णय देणे होय. ‘मानवी ऊतींवर पारखलेले’ या शब्दांनी भारून जाण्यापूर्वी कोणत्या मानवाच्या, एवढे विचारण्याचा हक्क आपल्यासारख्या विविध लोकांच्या देशाने सोडू नये.

आणखी एक गोष्ट या साधनाने टळत नाही. चिपने कितीही शुभ कौल दिला तरी एके दिवशी कोणा एका संपूर्ण माणसाला ते औषध पहिल्यांदा घ्यावे लागतेच. तो पहिला माणूस कोण असावा? मुंबईने या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच महिन्यात पाहिली आहेत. मेचनिकॉफचा शिष्य वाल्डेमार हाफकिन याने प्लेगच्या साथीत मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. हाफकिनच्या निर्णयापुढे मान लवते. कैद्यांच्या बाबतीत मात्र मन अडखळते: कोठडीत साथ शिरलेली असताना गजांआडच्या माणसाची खुशी कितपत खुशी असते? लस उपयोगी ठरली, पुष्कळ प्राण वाचले, परळची हाफकिन संस्था आजही त्याच्या नावाने उभी आहे; तरी हा प्रश्न यशाने पुसला जात नाही. नॉर्थविक पार्कचे तरुणही स्वेच्छेने, मोबदला घेऊन आले होते. चिप त्या पहिल्या माणसाचा धोका कमी करील, आणि ते मोठेच पुण्य आहे. परंतु त्याच्या डोळ्यांत पाहून ‘आम्हांला एवढे ठाऊक आहे आणि एवढे ठाऊक नाही’ असे सांगण्याचे काम ती करणार नाही. उलट साधन जितके नेमके, तितका ‘सर्व ठाऊक आहे’ असे म्हणण्याचा मोह मोठा.

तेव्हा चिपवरील अवयवाचे स्वागत करावे, आणि मनापासून करावे. प्राण्याला यातनांतून, रुग्णाला चुकीच्या औषधातून आणि संशोधकाला अंधारातून सोडविण्याचे बळ त्यात आहे. त्या बळाबरोबर येणारे उत्तरदायित्व मात्र पूर्वीहून सूक्ष्म आहे, कारण ते आठवून देणारा आक्रोश आता ऐकू येणार नाही. पूर्वी भूतदया पुरत असे. यापुढे कृतज्ञताही लागेल. दया दुःख पाहून आपोआप उपजते. कृतज्ञतेला असे काही दिसावे लागत नाही. तिला फक्त कोणाकडून काय घेतले याची आठवण ठेवावी लागते, आणि ती रोज मुद्दाम ठेवावी लागते.